ब्रेकचा दिवा विझवणाऱ्या गृहस्थांस

गृहस्थहो,

पत्राची सुरुवात नमस्काराने करायची आमच्या घरची रीत आहे. तुमच्या बाबतीत ती पाळवत नाही. तुमचं आणि तुमच्या यार्डाचं नावही इथे लिहीत नाही. ते तक्रारअर्जात आहे आणि तिथे ते पुरेसं आहे. इथे छापलं तर वाचणारे म्हणतील, अमक्या रस्त्यावरचा एक माणूस लबाड निघाला, आपण दुसऱ्याकडे जाऊ. तुम्ही जे केलंत त्याला दोन बोटं लागतात, आणि ही करामत जाणणारे पुण्यात तुम्ही एकटे नाही. म्हणून हे पत्र उघडं लिहिते आहे.

आधी वाचकांना तुमची करणी सांगते.

छोट्या गाडीचं बॉनेट उघडलं की ड्रायव्हरच्या पुढ्यात, मागच्या पत्र्याला लागून प्लास्टिकची एक पांढुरकी टाकी दिसते. तिच्यात ब्रेक ऑइल असतं. टाकीच्या अंगावर दोन रेघा असतात, मिन आणि मॅक्स. आत एक तरंगता असतो. ऑइल खालच्या रेघेपर्यंत उतरलं की तरंगता खाली बसतो, स्विच जोडला जातो आणि मीटरमध्ये लाल वर्तुळातलं उद्गारचिन्ह पेटतं. बहुतेक साध्या गाड्यांत त्या स्विचचा कपलर काढून टाकला की दिवा विझतो. टाकी कोरडी पडली तरी पुन्हा पेटत नाही.

माझ्या भाचीला विकलेल्या गाडीत तो कपलर तुम्ही काढलात. नुसता काढला नाहीत, तो लोंबकळताना कुणाला दिसू नये म्हणून वायरिंगच्या मागे वळवून केबल टायने बांधलात. त्या टायचं शेपूट कापायलाही विसरला नाहीत. तुमच्या हाताला सफाई आहे, हे मी लेखी द्यायला तयार आहे, कारण त्या सफाईमुळेच ‘कधीतरी आपोआप सुटला असेल’ असं म्हणायची सोय तुम्ही स्वतःला ठेवलेली नाही. सुटलेला कपलर स्वतःला बांधून घेत नाही.

मग तुम्ही टाकी मॅक्सच्या रेघेपर्यंत भरलीत. आतलं जुनं, काळपट ऑइल तसंच ठेवून वरून नवं ओतलंत. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, आणि ओलावा शिरला की लवकर उकळतं. डॉट 3 प्रतीचं ताजं ऑइल किमान 205 अंशांपर्यंत तग धरायला हवं, ओलावलेलं 140 अंशांनाच उकळलं तरी प्रमाणात बसतं. घाट उतरताना ब्रेक तापले आणि ऑइलची वाफ झाली की पॅडल स्पंजासारखं दबतं आणि गाडी थांबत नाही. हे तुम्हाला मी शिकवायला नको. तुम्हाला गाडी कळते, आणि हे मी आरोप म्हणून लिहिते आहे.

गाडी कळत नसलेल्या माणसाने दिवा पेटलेला पाहून घाबरून मेकॅनिक गाठला असता. तुम्हाला कळत होतं, की ब्रेकची यंत्रणा बंद असते आणि तिच्यातलं ऑइल पेट्रोलसारखं खर्च होत नाही. पॅड झिजले की पातळी अगदी हळूहळू उतरते. महिन्याभरात मॅक्सवरून मिनवर आली तर कुठेतरी गळती आहे, आणि तो दिवा नेमकं हेच सांगायला ठेवलेला आहे. तुम्ही गळती शोधली नाहीत. शोधली असती तर फार लांब जावंही लागलं नसतं. आमच्या धायरीच्या मेकॅनिकने डाव्या मागच्या चाकाचा ड्रम काढला आणि दोन मिनिटांत दाखवली. व्हील सिलिंडरचं रबर फाटलेलं, दोन्ही ब्रेक शू ऑइलने भिजलेले, टायरच्या आतल्या अंगाला ओल. तो सिलिंडर नाना पेठेत काही शे रुपयांना मिळतो. शू, नवं ऑइल, ब्रेकची हवा काढायची मजुरी, सगळं धरून दोन-तीन हजारांचं काम. एवढे पैसे तुम्ही भाचीकडून जास्त मागितले असतेत तरी तिने दिले असते. दिवा पेटलेलीच गाडी दाखवून ‘ब्रेकचं काम निघेल, किंमत तेवढी कमी करतो’ म्हणाला असतात तरी तिने घेतली असती. या दोन्ही वाटा सरळ होत्या आणि दोन्हींत तुमचा नफा जवळजवळ तेवढाच होता.

त्यांनी गाडी बघून घेतली नव्हती, असं तुम्ही आता म्हणता आहात. बघितली होती. भाची आणि जावई, दोघांनीही नीट बघितली होती. किल्ली फिरवल्यावर मीटरमधले सगळे दिवे क्षणभर पेटून विझायला हवेत, एखादा पेटलाच नाही तर बल्ब काढलेला असतो किंवा वायरशी छेडछाड केलेली असते, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी ते तपासलं. ब्रेकचा दिवा पेटला आणि विझला. हँडब्रेक ओढला तेव्हाही तो पेटला, कारण हँडब्रेकचा आणि ऑइलच्या पातळीचा दिवा एकच असतो. त्यांनी स्कॅनरही लावून घेतला. साध्या गाडीत हा स्विच संगणकाला काही कळवतच नाही, त्यामुळे स्कॅनरमध्ये दोष उमटला नाही. सावध गिऱ्हाईक कुठे कुठे बघतं हे तुम्ही वर्षानुवर्षं पाहिलेलं आहे, आणि ते जिथे बघत नाही नेमकी ती जागा तुम्ही निवडलीत. ‘सिंगल ओनर, नॉन-अॅक्सिडेंट, घ्या डोळे झाकून’ असं जावयाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, तेव्हा त्या टाकीतली पातळी उतरायला लागलेली होती.

आता पुढे काय झालं ते ऐका. फोनवर तुम्ही ते ऐकून घेतलं नाहीत.

भाची शिरवळच्या एका कारखान्यात कामाला आहे आणि नऱ्ह्याला राहते. संध्याकाळी परतताना खेड शिवापूरचा टोलनाका, मग कात्रजचा नवा बोगदा, आणि बोगदा संपला की जांभूळवाडी, दरी पूल, नऱ्हे, नवले पूल असा सलग उतार. हा उतार पुण्यात कुणाला सांगावा लागत नाही. मागे कंटेनर, शेजारी ट्रेलर, मधून शिरणाऱ्या दुचाकी. बोगद्यातून बाहेर पडून थोडं खाली आल्यावर तिने ब्रेक दाबला आणि पॅडल नेहमीच्या जागी न थांबता पार खाली गेलं. गाडीचा वेग जेमतेम कमी झाला. तिने दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक थोडाथोडा ओढला, हॅझर्ड लावले आणि डावीकडच्या कडेला गाडी घासत थांबवली. मागच्या टेम्पोवाल्याने वेळेवर पाहिलं. त्या माणसाचं नावही आम्हाला ठाऊक नाही. त्याचे आभार मी इथेच मानते.

ती वाचली याचं श्रेय टेम्पोवाल्याला आहे, तिला स्वतःला आहे, आणि गाडी बनवणाऱ्या इंजिनिअरांना आहे. आजच्या मोटारीत ब्रेकच्या दोन वेगळ्या वाहिन्या असतात. छोट्या गाड्यांत त्या बहुधा तिरक्या जोडलेल्या असतात, पुढचं उजवं चाक मागच्या डाव्याबरोबर आणि पुढचं डावं मागच्या उजव्याबरोबर. एक वाहिनी रिकामी झाली तरी दुसरी अर्धा ब्रेक देते. ज्यांनी हे आखलं त्यांनी रबर फाटेल, पाइप गंजेल, ऑइल गळेल हे सगळं गृहीत धरलं होतं. फक्त अर्ध्या ब्रेकवर कुणी महिनोन् महिने गाडी हाकू नये म्हणून त्यांनी दिवा दिला. त्या सगळ्या रचनेत चालकाशी बोलणारी वस्तू ती एकच. तिचं तोंड तुम्ही बांधलंत.

त्याच उतारावर 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री एक अवजड वाहन खाली घसरत आलं आणि 48 गाड्यांना ठोकरत गेलं. चालकाने उतारावर इंजिन बंद केल्याचं तेव्हा तपासात पुढे आलं होतं. 13 नोव्हेंबर 2025 ला पुन्हा तिथेच, नवले पुलाजवळ, सुटलेला कंटेनर समोरच्या गाड्यांवर गेला, आग लागली आणि 8 माणसं गेली. ती वाहनं अवजड होती, त्यांचे ब्रेक हवेवर चालणारे, त्यांची कारणं वेगळी. त्यांचा दोष मी तुमच्या माथी मारत नाही. पण एक गोष्ट तिथेही तीच होती आणि इथेही तीच आहे. समोरच्या गाडीत बसलेल्या माणसांनी मागच्या गाडीच्या व्यवहारात काहीच ठरवलेलं नव्हतं. तुम्ही आणि भाची समोरासमोर बसलात, चहा झाला, किंमत ठरली, टोकन दिलं. उतारावर तिच्या पुढे जो दुचाकीवाला मुलाला पुढे बसवून चालला होता, तो त्या चहाला नव्हता. तुम्ही त्यालाही फसवलंत.

‘गाडी जशी आहे तशी दिली, कागदावर सही आहे,’ हे तुमचं उत्तर. तो कागद आमच्याकडे आहे. त्यामुळे कायद्याकडे वळते, कारण कायद्याने तुमच्यासारख्यांचा विचार मोटार जन्माला येण्याच्या आधी करून ठेवलेला आहे.

1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 17 लबाडी कशाला म्हणायचं ते सांगतं, आणि त्यातली बहुतेक उदाहरणं घोड्याची आहेत. घोड्यात खोड आहे हे विकणाऱ्याला माहीत आहे, तो लिलावात गप्प राहिला, तर ती लबाडी नाही. इथवर तुम्हाला बरं वाटेल. पुढचं एक उदाहरण असं, की घेणारा म्हणाला, ‘तुम्ही नाही म्हटलं नाहीत तर घोडा निर्दोष आहे असं मी समजेन,’ आणि विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प राहणं बोलण्याबरोबर आहे. आणि या सगळ्याच्या आधी त्याच कलमात स्पष्ट म्हटलंय, की माहीत असलेली गोष्ट कृती करून दडवणं ही लबाडीच. गप्प राहणं आणि दडवणं यांत कायदा दीडशे वर्षं फरक करत आलाय. तुम्ही गप्प राहिला असतात तर कदाचित वकिलाला वाद घालायला जागा मिळाली असती. तुम्ही केबल टाय वापरलात.

फौजदारी बाजूही तशीच आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचं, आणि वस्तुस्थिती अप्रामाणिकपणे लपवणं हीही फसवणूकच, असा खुलासा त्यात आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 182 ए 2019 च्या दुरुस्तीने नव्याने लिहिलं गेलं. रस्त्यावर चालवायच्या अटींत न बसणारी गाडी व्यापाऱ्याने विकली किंवा तशी करून दिली, तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा दर गाडीमागे एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. ‘दर गाडीमागे’ हे शब्द तुम्ही शांतपणे बसून वाचावेत. तुमच्या यार्डात उभ्या असलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

त्याच कायद्याचं कलम 190 मला जास्त संताप आणतं. धोकादायक दोष असलेली गाडी जो रस्त्यावर चालवतो, आणि साधी काळजी घेतली असती तर ज्याला तो दोष सापडला असता, तो गुन्हेगार. म्हणजे त्या संध्याकाळी कुणाला इजा झाली असती तर पोलिसांनी आधी भाचीला विचारलं असतं, तुम्हाला दोष कसा दिसला नाही? तिने काय सांगायचं? माझा दिवा पेटला नाही, एवढंच. ज्याने तो पेटू दिला नाही तो त्या वेळी यार्डात पुढच्या गिऱ्हाइकाला चहा मागवत असता.

तुम्हाला एवढी निर्धास्ती कुठून येते तेही मला कळतं. आपल्याकडे खासगी मोटार एकदा पासिंग झाली की पंधरा वर्षं तिचे ब्रेक सरकार तपासत नाही. पीयूसी काढतो त्यात फक्त धूर मोजतात. विमा कंपनीला कागद लागतात. मालकी बदलताना आरटीओत फॉर्म 29 आणि 30 भरले जातात, आणि त्यांत गाडी थांबते का असा रकाना नाही. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना आरटीओकडून अधिकृतता घ्यावी लागते, गाडी ताब्यात असताना कुठे कशी फिरवली याची नोंद ठेवावी लागते. चांगला नियम आहे, पण त्याचाही भर गाडी कुणाची यावर आहे. माल वाहणाऱ्या आणि प्रवासी गाड्यांसाठी श्रीकांत कर्वे यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने कान पिळले, तेव्हा कुठे आरटीओंना ब्रेक तपासणीचे धावमार्ग करावे लागले. पुण्याच्या अवजड गाड्या त्यासाठी दिवे या गावी जातात. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी. जर्मनीत पहिली तपासणी तीन वर्षांनी, मग दर दोन वर्षांनी. आपल्याकडे ती जागा रिकामी आहे, आणि त्या रिकाम्या जागेत तुम्ही दुकान थाटलंय.

याचा मार खरेदीदारांइतकाच सरळ माणसांवरही पडतो. आमच्या सोसायटीतल्या निवृत्त शिक्षकांनी आपली गाडी विकायला काढली. प्रत्येक सर्व्हिसिंगचं बिल तारीखवार लावलेली फाइल, ऑइल कधी बदललं, पॅड कधी बदलले, सगळं लिहिलेलं. येणारा प्रत्येक जण फाइल चाळतो आणि म्हणतो, कागद काय, कुणीही बनवतं. आणि भाव पाडून मागतो. 1970 मध्ये जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने नेमका जुन्या गाड्यांचा बाजार घेऊन दाखवलं, की घेणाऱ्याला चांगली गाडी आणि वाईट गाडी ओळखता येत नसेल तर तो सगळ्यांना सारखाच, सरासरी भाव देतो, मग चांगल्या गाडीवाले बाजारातून निघून जातात आणि मागे उरतात ते तुम्ही. पुढे 2001 मध्ये त्यांना अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. आमच्या शिक्षकांनी गाडी विकायचा विचार सोडून दिला. ती गाडी कुणाच्या तरी लेकीला मिळायला हवी होती.

तुमचं हे पत्र इतरही वाचणार आहेत. त्यांच्यासाठी चार गोष्टी लिहिते, तुम्ही त्याही वाचा, म्हणजे लोक आता काय बघतील ते कळेल. बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या टाकीला स्विच असेल तर त्याला वायर जोडलेली आहे का ते बोटाने चाचपून बघायचं. इंजिन सुरू ठेवून पॅडल मिनिटभर घट्ट दाबून धरायचं, ते हळूहळू खाली जात असेल तर व्यवहार थांबवायचा. मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला हात फिरवून ओल लागते का बघायची. आणि पैसे देण्याआधी विकणाऱ्याला व्हॉट्सअॅपवर लिहायचं, ‘ब्रेकमध्ये दोष नाही असं धरून गाडी घेतो आहोत, दोष असेल तर आत्ताच कळवा.’ त्या घोड्याच्या उदाहरणातला माणूस हेच बोलला होता. उत्तर आलं तरी तो पुरावा, आणि नाही आलं तरी पुरावाच.

आमची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात जाते आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. भाची स्वतः उभी राहणार आहे. तो कपलर, केबल टाय आणि फाटलेलं रबर मेकॅनिकने पिशवीत घालून दिलंय, फोटो काढून, त्याच्या सहीच्या चिठ्ठीसह. गाडीची किंमत आम्ही मागणारच आहोत.

पण त्याआधी मला तुमच्याकडून एक काम हवंय आणि त्याला आयोगाच्या तारखेची वाट बघायची नाही. तुमच्याकडे विकलेल्या गाड्यांची वही आहे. टोकन घेताना तुम्ही भाचीचं नाव त्यातच लिहिलंत. ती वही काढा. ज्या ज्या गाडीचा दिवा तुम्ही असा विझवलाय ती तुम्हाला आठवेल, तुमची स्मरणशक्ती गिऱ्हाइकाच्या बजेटबाबत चांगली असते. त्या प्रत्येक माणसाला फोन करा. ‘एकदा सर्व्हिसिंगला आणा’ असं गोलगोल बोलू नका. ‘तुमच्या गाडीचं ब्रेक ऑइल गळत असेल आणि दिवा लागणार नाही, कारण मी तो बंद केलाय’ असं सांगा. गाडी आहे तिथेच उभी ठेवायला सांगा, गॅरेजपर्यंतसुद्धा चालवत नेऊ देऊ नका. टोइंगची गाडी तुम्ही पाठवा, आणि बिल तुमच्या नावावर फाडायला सांगा.

तुमच्याकडून गाडी घेतलेल्या मुलीची मावशी,
पुणे